पिलाताची पळी आणि बाकीची चार: यहूदियाच्या ब्राँझ नाण्यांचा संच तपासून

पाच नाणी, मखमल लावलेली लाकडी पेटी, आत एक छापील कार्ड आणि किंमत २१,५०० रुपये. 'रोमन यहूदिया' या नावाचा हा संच राज्यातल्याच एका विक्रेत्याकडून कुरिअरनं साताऱ्यात आला. पाचही नाण्यांचं वजन, व्यास, कड, अक्षरं आणि रंग असं सगळं तपासून झालंय. निकाल आधीच सांगतो. चार नाणी खरी आहेत, एक ओतीव नक्कल आहे, आणि नक्कल निघालं ते नेमकं संचातलं सगळ्यात महाग नाणं. फोटो आणि वजन पाठवल्यावर विक्रेत्यानं हुज्जत न घालता ते परत घेतलं, त्याचे ७,००० रुपयेही परत केले. उरलेली चार नाणी १४,५०० रुपयांत पडली आणि त्या पैशांत ती घेण्याजोगी आहेत. पेटी मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढा. ती का, ते पुढं येईल.

आधी आकाराची कल्पना घ्या. १९८८ पासून निघालेलं स्टीलचं दहा पैशांचं नाणं आठवत असेल: १६ मिलिमीटर, २ ग्रॅम. यहूदियाचं हे नाणं, त्याला प्रुता म्हणतात, साधारण तेवढंच असतं. व्यास १४ ते १७ मिलिमीटर, वजन बहुतेक वेळा दीड ते अडीच ग्रॅम. एका पूर्ण शिवराईच्या वजनात अशी पाच-सहा बसतात. विक्रेत्याच्या फोटोत नाणं तळहाताएवढं दिसतं, त्यामुळं पेटी उघडल्यावर 'एवढंसंच?' असं वाटणार हे धरून चाला.

एवढ्याशा तुकड्यावर बघायचं काय, हे कळलं तरच या संचाचे पैसे वसूल होतात. यहूदिया म्हणजे यरुशलेमच्या भोवतीचा ज्यूंचा प्रदेश. इ.स. ६ मध्ये रोमनं हेरोद राजाच्या मुलाला तिथल्या गादीवरून काढलं आणि यहूदियावर आपले अधिकारी नेमले. हे अधिकारी बाजारासाठी चिल्लर पाडून घेत. ज्यू धर्मात चेहऱ्याला, मूर्तीला मनाई, म्हणून या अधिकाऱ्यांनी नाण्यावर सम्राटाचं मुंडकं घालायचं टाळलं. त्याऐवजी ओंबी, खजुराचं झाड, द्राक्षवेल, झावळी, पानांचा हार अशी चित्रं आली. अक्षरं ग्रीक, नाव सम्राटाचं, आणि सोबत त्याच्या राज्यकाळाचं वर्ष. अधिकाऱ्याचं नाव कुठंच नसतं. येशूला क्रुसावर देण्याचा हुकूम करणारा पंतय पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात तिथं होता, पण त्याचं नाव नाण्यावर शोधू नका. ते कोरलेलं सापडलं तिथल्याच कैसरिया शहरातल्या एका दगडावर, १९६१ साली. नाणं पिलाताचं ठरतं ते फक्त वर्षावरून. म्हणून या संचात वर्षाची अक्षरं वाचता येणं हीच अर्धी किंमत आहे.

पहिलं नाणं अँबिब्युलस या अधिकाऱ्याच्या काळातलं. एका बाजूला एकच ओंबी, दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड, आठ झावळ्या आणि दोन्हीकडं लोंबणारे खजुराचे दोन घड. वजन १.६८ ग्रॅम. वर्षाची खूण इंग्रजी एलसारखी दिसते, तिच्यापुढं लॅम्डा म्हणजे ३० आणि थीटा म्हणजे ९. ऑगस्टसचं ३९वं वर्ष, इ.स. ८-९. इथली थीटा झिजलेली आहे, तिरप्या उजेडाशिवाय दिसत नाही. झाड छान आहे. २,५०० रुपयांना ठीक.

खरं बोलायचं ते पिलाताच्या दोन नाण्यांबद्दल. इतर अधिकाऱ्यांनी जपून बहुतांशी पानाफुलांवर भागवलं, पिलातानं मात्र नाण्यावर रोमन पूजाविधीतली उपकरणं आणली. सम्राट तिबेरियसच्या १६व्या वर्षी, म्हणजे इ.स. २९-३० मध्ये, सिंपुलम आलं: देवाला मद्य अर्पण करायची लांब दांड्याची पळी. आपल्या पंचपात्रातल्या पळीशी तिचं काम आणि आकार दोन्ही जुळतं, दांडा उभा आणि वाटी खाली. मागच्या बाजूला तीन ओंब्या एकत्र बांधलेल्या, मधली ताठ आणि कडेच्या दोन माना टाकलेल्या, भोवती सम्राटाची आई यूलिया हिचं नाव. ती इ.स. २९ मध्ये वारली, पुढच्या वर्षांच्या नाण्यांवर तिचं नाव नाही. १७व्या आणि १८व्या वर्षी पळीच्या जागी लिटुअस आली. ही शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकड्या टोकाची काठी. ती हातात धरून तो आभाळाचा एक भाग आखून घ्यायचा आणि त्या भागात पक्षी कसे उडतात त्यावरून कौल सांगायचा. टिटवीच्या ओरडण्यावरून शकुन काढणारी माणसं आपल्याकडंही होती, त्यामुळं हे चित्र समजायला जड जाऊ नये. नाण्यावर तिचा आकार प्रश्नचिन्हाचा खालचा ठिपका काढल्यावर उरेल तसा दिसतो.

सम्राटाच्या प्रतिमा लावलेली सैन्याची निशाणं यरुशलेमात आणली म्हणून लोक पिलातावर खवळले होते, हे त्याच शतकातल्या जोसेफस या ज्यू इतिहासकारानं लिहून ठेवलंय. त्या शहरात भाजी घेताना हातात येणारी चिल्लर ही, आणि तिच्यावर परक्या देवाच्या पूजेची पळी. हे डोक्यात ठेवून नाणं पाहिलं की दोन ग्रॅमचा तुकडा जड वाटायला लागतो. आमच्या मते संच घ्यायचं खरं कारण हेच.

काठीचं नाणं, म्हणजे लिटुअस, या संचात सर्वांत चांगलं आहे. वजन १.९३ ग्रॅम, व्यास १५ मिलिमीटर, किंमत ६,५००. काठी पूर्ण आहे, टोकाच्या वळणाचा आतला भाग मोकळा दिसतो. 'तिबेरिऊ काइसारोस' या अक्षरांतली पाच-सहा नाण्याबाहेर गेली आहेत. त्याची खंत नको. शिवराईवरही 'श्री राजा शिव' पूर्ण बसलेलं क्वचितच मिळतं, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. इथंही तेच. पाहायची ती मागची बाजू: पानांच्या हाराच्या मधोमध वर्षाची खूण, मग योटा म्हणजे १० आणि झीटा म्हणजे ७. सतरावं वर्ष, इ.स. ३०-३१. झीटाऐवजी ईटा असती तर अठरावं. ईटा इंग्रजी एचसारखी दिसते आणि झिजलेल्या नाण्यावर झीटा-ईटाची गल्लत हमखास होते. आडव्या दोन रेघा आणि मधली तिरकी असेल तर झीटा, उभ्या दोन रेघा आणि मधली आडवी असेल तर ईटा. नाणं उलटं धरलंय का ते आधी तपासा. हाराची गाठ खाली आली की नाणं सरळ.

आता हेच नाणं दहा पट भिंगाखाली कडेनं बघा. कड उभी नाही, उतरती आहे. एका बाजूचा घेर दुसऱ्या बाजूपेक्षा जवळपास एक मिलिमीटरनं मोठा. शिवाय समोरासमोरच्या दोन ठिकाणी कड छाटल्यासारखी सपाट आहे, त्या छाटणीवर वरून खाली ओढलेल्या बारीक रेघा आहेत आणि शेवटी धातू जरासा फाटलाय. नवख्या माणसाला ही कड दिसली की तो नाणं ओतीव समजून बाजूला टाकतो. खरं तर हीच त्याची ओळख. चुनखडीच्या लादीत गिरमिटानं उथळ खळगे पाडत, खळगे एका चरानं जोडत आणि त्यात वितळलेला धातू सोडत. मण्यांची माळ चपटी करावी तशी पट्टी निघे. गिरमिटाचा खळगा वर रुंद, खाली अरुंद, म्हणून कड उतरती. पट्टीतल्या चकत्या छिन्नीनं तोडत, म्हणून दोन छाटण्या. चकती ओतीव आणि चित्र ठोकलेलं, असं हे दुहेरी काम आहे.

आणि म्हणूनच पळीच्या नाण्याची नक्कल पहिल्या नजरेतून निसटली. ती खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली आहे, त्यामुळं उतरती कडही तिच्यात उतरलीय आणि छाटणीच्या दोन जागाही. फरक भिंगाखाली दिसतो. छाटणीवर रेघा नाहीत, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी ती गुळगुळीत आहे. कडेच्या मधोमध केसाएवढी जोडरेघ आहे आणि ती लपवायला कानशीचे आडवे ओरखडे ओढलेत. खऱ्या चकतीचा खळगा साच्याच्या एकाच बाजूला असे. जोडरेघ आलीच तर ती कडेच्या एका टोकाला येणार, मधोमध नाही. कानशीनं खरवडलेल्या जागी धातू पिवळा, पितळी दिसतो. पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे आहेत. हे ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. गंजानं पडलेले खड्डे वेडेवाकडे असतात, एकसारखे गोल नसतात. अक्षरं जिथं पृष्ठभागातून वर उठतात तो कोपरा ठोकलेल्या नाण्यात तीक्ष्ण असतो. इथं तो लोण्यावर बोट फिरवल्यासारखा गोल आहे. वजन २.७४ ग्रॅम आणि जाडी २.६ मिलिमीटर. वजन जास्त म्हणून नाणं खोटं ठरत नाही, या नाण्यांच्या वजनात तेवढी तफावत असते. पण वरच्या खुणांसोबत हे वजन आलं की शंका उरत नाही.

चौथं नाणं नेरोच्या पाचव्या वर्षाचं, इ.स. ५८-५९, सहसा फेस्टस या अधिकाऱ्याच्या नावावर लावतात. एका बाजूला झावळी, दुसऱ्या बाजूला हारात तीन ओळींत नेरोचं नाव. २.२१ ग्रॅम, २,००० रुपये. हे बाजारात भरपूर मिळतं आणि स्वस्त असतं. नाणं अस्सल आहे, पण रंगवलेलं आहे. कोरड्या वाळवंटी मातीतून निघालेल्या नाण्यांच्या खोलगट भागात वाळूचा फिकट तांबूस थर घट्ट बसलेला असतो, त्यामुळं गडद अक्षरं उठून दिसतात आणि भाव वाढतो. तो थर नसला तर गोंद आणि बारीक माती लावून बनवतात. या नाण्यावर तो बनवलेला होता. काचेच्या वाटीत ॲसिटोन घेऊन नाणं अर्धा तास बुडवलं, मऊ ब्रशनं हलकं फिरवलं, आणि सगळी माती गढूळ होऊन खाली बसली. खरा थर ॲसिटोननं सुटत नाही. विक्रेत्यानं हे सांगायला हवं होतं. रंग गेल्यावर नाणं उघडंबोडकं दिसतं, तरी वाचायला उलट सोपं झालंय.

ॲसिटोन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या, नेलपॉलिश काढायचं नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. प्लॅस्टिकची वाटी विरघळू शकते. गॅस, समई, उदबत्ती जवळ असता कामा नये, खिडकी उघडी हवी.

पाचवं नाणं तर रोमन नाहीच. ते ज्यूंच्या रोमविरुद्धच्या उठावातलं, दुसऱ्या वर्षाचं, इ.स. ६७-६८. एका बाजूला दोन कानांची सुरई, दुसऱ्या बाजूला देठ आणि ताणा असलेलं द्राक्षाचं पान, भोवती जुन्या हिब्रू लिपीत 'सियोनचं स्वातंत्र्य'. ग्रीक अक्षरं टाकून मुद्दाम जुनी लिपी घेतली, यातच सगळं आलं. सुरईला झाकण नाही, म्हणून दुसरं वर्ष. तिसऱ्या वर्षाच्या सुरईवर नक्षीचं झाकण येतं. अक्षरं वाचता आली नाहीत तरी एवढ्यावरून वर्ष ठरवता येतं. वजन २.५५ ग्रॅम, किंमत ३,५००. पानाचे कोन, शिरा आणि वळलेला ताणा इतके स्पष्ट आहेत की तासगावच्या बागाईतदाराला न सांगता ओळखू येईल. कार्डावर हे 'रोमन' म्हणून छापलंय ही चूक आहे, पण नाणं संचात आहे ही चांगली गोष्ट. ज्या राज्याची पळी-काठी पहिल्या नाण्यांवर आहे त्याच राज्याविरुद्ध पाडलेलं नाणं शेजारी ठेवून बघता येतं. इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं आणि ही मालिका संपली.

कार्डाबद्दल एवढंच सांगतो की ते फेकून द्या आणि स्वतः लिहून ठेवा. काठीच्या नाण्याचं 'सतरावं वर्ष' कार्डावर इ.स. १७ झालंय. तिबेरियस गादीवर आला इ.स. १४ मध्ये, वर्षं तिथून मोजायची. त्याहून वाईट म्हणजे नेरोच्या नाण्याला 'विधवेची दमडी' म्हटलंय. बायबलात मंदिराच्या पेटीत दोन बारीक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आहे, पण ती येशूच्या हयातीतली. इ.स. ५८-५९ चं नाणं तिच्या हातात कसं असेल? त्या नावानं सहसा विकतात ती अलेक्झांडर यनाय या ज्यू राजाची, इ.स.पू. १०३ ते ७६ मधली नाणी, जहाजाचा नांगर आणि तारा असलेली. ती या संचात नाहीत. कुठल्याही बारीक ब्राँझला हे नाव चिकटवून भाव वाढवायची पद्धत जुनी आहे, त्याला भुलू नका. ओळख पटवायला रोमन प्रांतिक नाण्यांची सूची इंटरनेटवर फुकट आहे. पिलाताची तीन वर्षं तिच्या पहिल्या खंडात ४९६७, ४९६८, ४९६९ या क्रमांकांवर सापडतील.

कार्डाच्या मराठी चिठ्ठीत धातू 'कांसं' असा दिलाय. आपल्या काशाच्या थाळीत कथील २० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून ती कडक असते आणि टण्ण वाजते. या नाण्यांत तांब्याबरोबर थोडं कथील आणि शिसं असतं, ती वाजत नाहीत. चांदीचा रुपया पारखायची सवय असलेली मंडळी नाणं फरशीवर टाकून आवाज ऐकतात. इथं ते करू नका. दोन हजार वर्षं मातीत राहून धातू आतून ठिसूळ झालेला असतो, दोन तुकडे होतील.

घरच्या घरी तपासायचं तर काटा आणि भिंग एवढं पुरतं. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. नसेल तर साताऱ्यात राजपथावर किंवा सांगलीत गणपती पेठेत कुठल्याही ओळखीच्या सराफाकडं वजन करून मिळेल. पाण्यात टांगून घनता काढायची युक्ती सोन्याला चालते, इथं फारशी चालत नाही. २ ग्रॅमचं ब्राँझ नाणं सुमारे ०.२३ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. काट्याची ०.०१ ग्रॅमची चूकसुद्धा त्यात चार टक्क्यांच्या वर जाते, आणि पितळ-ब्राँझ यांच्या घनतेतला फरक जवळपास तेवढाच असतो. जस्ताच्या मिश्रधातूची हलकी नक्कल मात्र या पद्धतीनं पकडली जाते, ती तेवढ्याच वजनाला ०.३० ग्रॅम पाणी सारते. लोहचुंबकानं फक्त लोखंडावर मुलामा दिलेलं नाणं ओळखता येतं. अक्षरं वाचायला अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी नाण्याच्या पातळीपासून जेमतेम १५-२० अंश वर धरून हळूहळू भोवती फिरवा. वरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारी थीटा कडेच्या उजेडात उठून येते.

धुण्याबद्दल जरा कळकळीनं सांगावं लागतं. सणावाराला तांब्या-ताम्हन चिंचेनं घासायची आपल्याला सवय, त्यामुळं हिरवंकाळं नाणं दिसलं की हात चिंचेकडं, लिंबाकडं किंवा भांडी घासायच्या पुडीकडं जातो. हा हिरवा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याचंच कातडं आहे. बरीचशी अक्षरं आता त्या थरातच उरलेली असतात. थर गेला की खाली गुलाबी, खडबडीत, निनावी चकती उरते आणि भाव मातीमोल होतो. नाण्यावर खरोखरची माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला आणि बाभळीचा काटा किंवा बांबूची काडी घेऊन भिंगाखाली माती उचला. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश वापरू नका. पाणी गॅरेजमधून आणणार असाल तर बाटलीवरचं नीट वाचून घ्या, 'बॅटरीचं' म्हटल्यावर कधी कधी ॲसिड हातात पडतं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

क्लोराइड हा या नाण्यांचा खरा वैरी आहे. मातीतल्या मिठामुळं धातूत तांब्याचं क्लोराइड साठलेलं असतं. हवेतला दमटपणा मिळाला की ते जागं होतं आणि फिकट पोपटी, पिठासारखी भुकटी बाहेर टाकतं. बोट लावलं की ती निघते आणि खाली खड्डा दिसतो. जुना हिरवा थर गडद, घट्ट आणि चकचकीत असतो, हा फिकट आणि भुसभुशीत असतो. संचातल्या उठावाच्या नाण्यावर सुरईच्या कानाशी असा मोहरीएवढा ठिपका निघाला. भुकटी काट्यानं काढून, नाणं डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, ॲसिटोनमधून काढून पूर्ण कोरडं केलं आणि वेगळ्या डबीत ठेवलं. सहा आठवडे झाले, ठिपका वाढलेला नाही. वाढला तर घरी रसायनं करत बसू नये, धातूच्या वस्तूंवर काम करणाऱ्या संवर्धकाकडं द्यावं. त्यासाठी वापरतात ते बेंझोट्रायझोल अंगावर उडणं किंवा श्वासात जाणं चांगलं नाही.

इथंच पेटीचा मुद्दा येतो. ही भुकटी होऊ द्यायची नसेल तर दमटपणा ४० टक्क्यांच्या आत हवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात तो ८० च्या वर सहज असतो, मेढा-महाबळेश्वरकडं त्याहून जास्त. पेटीचं लाकूड हवेतली ओल धरून ठेवतं, लाकडातून आणि मखमलीखालच्या गोंदातून आम्लाची वाफ सुटते. नाण्यांच्या पिशव्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या आहेत. वर्षा-दोन वर्षांत त्या चिकट हिरवा द्राव सोडतात आणि तो नाणं खातो. म्हणजे दिसायला शाही, पण नाण्याला घातक. त्याऐवजी मायलरच्या म्हणजे पॉलिएस्टरच्या, ताठ, वास नसलेल्या पिशव्या घ्या, सोबत आम्लरहित कागदाची चिठ्ठी. रबरी झाकणाचा, क्लिपनं बंद होणारा ५ लिटरचा डबा आणि त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. नारंगी जेल हिरवट झालं की पसरट भांड्यात काढून ओव्हनमध्ये ११० अंशांवर दीड-दोन तास तापवा, परत नारंगी होतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बघायचं, एरवी दोन महिन्यांनी. सांगलीत नदीकाठच्या घरात असाल तर डबा माळ्यावर ठेवा. २०१९ च्या पुरात तळमजल्याच्या कपाटांचं काय झालं ते सांगायला नको.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात, पण तो टाळू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. म्हणून परदेशी विक्रेत्याची 'पसंत न पडल्यास परत' ही हमी आपल्या कामाची नाही, खरं नाणं तुम्हाला परत पाठवताच येणार नाही. राज्यातल्या विक्रेत्याकडून घेण्याचा फायदा इथं दिसला, पळीची नक्कल चार दिवसांत परत गेली. इस्रायलमध्येही १९७८ चा पुरावस्तू कायदा आहे, तिथून नाणं बाहेर न्यायला परवानगी लागते. त्यामुळं बिलावर प्रत्येक नाण्याचं वर्णन, वजन आणि ते आधी कुठल्या संग्रहातून आलं हे लिहून मागा. या संचाच्या बिलावर नाणंवार किंमत आणि वजन होतं, आधीच्या संग्रहाचा उल्लेख फक्त दोन नाण्यांपुढं होता. बाकीच्यांसाठी विचारणा केली आहे.

कुणासाठी घ्यावा? शिवराई, दुदांडी, सातवाहनांची शिशाची नाणी हाताळून ज्यांचा डोळा तयार झालाय त्यांना हा संच मानवेल. झिजलेल्या अक्षरांवर एक संध्याकाळ घालवायची त्यांची तयारी असते. नाताळात भेट द्यायला म्हणून घेणार असाल तर पूर्ण संच नको, एकटं काठीचं नाणं घ्या, विक्रेता सुटी नाणीही देतो. दिवाणखान्यात चौकटीत लावायला घेणार असाल तर घेऊ नका, पंधरा मिलिमीटरचं तपकिरी नाणं भिंतीवर दिसतच नाही.

पळीचं नाणं त्याच विक्रेत्याकडून पुन्हा मागवायचं ठरलंय. या वेळी पैसे भरण्याआधी चार फोटो मागितलेत: दोन्ही बाजू तिरप्या उजेडात, आणि कड दोन ठिकाणी, छाटणीच्या जागेवर आणि तिच्यापासून पाव वळसा पुढं. नेहमीच्या जाहिरातीत कडेचा फोटो नसतो. तो मागितल्यावर जो विक्रेता कुरकुर करतो त्याच्याकडून पिलाताचं नाणं घेऊ नये.